न्यायाधीशाला मत कधी द्यायचं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक मारुतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर भरली होती. बचत जमा झाली, हप्ते मोजून झाले, रजिस्टरवर सह्या आणि अंगठे झाले. मग निवडणुकीच्या गप्पा निघाल्या. कोण उभं राहणार, कोणाला तिकीट मिळणार, कोण कोणाच्या बाजूनं जाणार, असं चाललं होतं. तेवढ्यात कडेला बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "सरपंचाला मत देतो, आमदाराला देतो, खासदाराला देतो. मग कोर्टातल्या सायबाला मत कवा द्यायचं?"

सगळ्या हसल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या शेताच्या बांधाचा दावा कित्येक वर्षं चालू आहे. तारीख आली की जीपचं भाडं घालायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं आणि पुढची तारीख घेऊन घरी यायचं. "आपल्या मतावर निवडून आला असता तर आपलं ऐकलं नसतं का?" असं त्या म्हणाल्या.

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. "तसं नसतं मावशी" एवढंच म्हणालो. पण 'तसं का नसतं' हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. घरी आल्यावर बी.ए.ची इतिहासाची पुस्तकं पुन्हा काढली, माहितीतल्या वकिलांना विचारलं, चार गोष्टी जुळवल्या. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी सरळ उत्तर. आपल्या देशात न्यायाधीश मतांवर निवडून येत नाही. तालुक्याच्या कोर्टात बसणारा न्यायाधीश कायद्याची पदवी घेतो, लोकसेवा आयोगाची परीक्षा देतो आणि मग त्याची किंवा तिची नेमणूक होते. जगात सगळीकडे असंच आहे असं नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत खालच्या कोर्टाचे न्यायाधीशसुद्धा निवडणुकीला उभे राहतात. त्यांचे फलक लागतात, प्रचार होतो, देणग्या गोळा होतात आणि लोक मत देतात. म्हणजे मावशींचा प्रश्न हसण्यासारखा नव्हताच.

आता एका न्यायाधीशाची गोष्ट ऐका. नाव तुम्ही शाळेत ऐकलेलं आहे, महादेव गोविंद रानडे. त्यांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. पण त्यांची भाकरी न्यायाधीशाच्या नोकरीवर होती. त्या नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात नाही, तर जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टांच्या कामात घालवली. कर्जाचे, गहाणाचे, बांधाचे दावे जिथं चालतात तिथंच.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. मुंबई विद्यापीठातून जी पहिली मुलं १८६२ साली बी.ए. झाली, त्यात ते होते. पुढे कायद्याची परीक्षा दिली, आणि १८७१ साली पुण्यात पहिल्या वर्गाचे सब-जज्ज म्हणून रुजू झाले. सब-जज्ज म्हणजे आजच्या भाषेत दिवाणी न्यायाधीश. त्यांना मत कोणी दिलं नव्हतं. नेमणूक इंग्रज सरकारची होती.

ते पुण्यात आले त्याच्या एक वर्ष आधी, २ एप्रिल १८७० ला, तिथं सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. तिच्या मागं गणेश वासुदेव जोशी होते, लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. या सभेचा एक नियम आम्हाला फार आवडला. नुसतं नाव नोंदवून कोणी सभासद होऊ शकत नसे. निदान पन्नास माणसांनी 'आमच्या वतीनं बोला' असं मुख्त्यारपत्र सही करून द्यावं लागे. आपल्या गटातून ग्रामसंघावर बाई पाठवताना आपण ठराव लिहून सह्या करतो ना, तसंच समजा. सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्या मागं सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. देशात सार्वत्रिक मतदान यायला अजून ऐंशीएक वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट.

रानडे पुण्यात आल्यावर या सभेचे मार्गदर्शक झाले. दिवसा कोर्टात सरकारचे न्यायाधीश आणि संध्याकाळी लोकांच्या सभेचे सल्लागार. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा सभेनं गावोगावची हालत लिहून सरकारला कळवली. भांडणं कोर्टात न जाता मिटावीत म्हणून त्या काळी पुण्यात लवाद कोर्टही सुरू झालं. दोन्ही बाजूंना मान्य असलेला माणूस बसवायचा आणि निवाडा करायचा.

हे सरकारला आवडणार नव्हतंच. १८७८ साली रानड्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, पुण्यात सरकारी वाड्यांना आगी लागल्या, आणि रानड्यांना तडकाफडकी धुळ्याला पाठवण्यात आलं. तिथं त्यांचं टपाल उघडून वाचलं जात होतं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. विचार करा, लोकांना न्याय देण्यासाठी ज्याला खुर्चीवर बसवलं, त्याचंच टपाल त्याला बसवणारे चोरून वाचत होते.

इथं पहिली गोष्ट लक्षात घ्या. ज्याच्या हातात न्यायाधीशाची बदली असते, त्याच्याकडं न्यायाधीशाला बघावंच लागतं. रानडे खंबीर होते म्हणून वाकले नाहीत. पण प्रत्येक माणूस रानडे नसतो.

आता त्यांच्या कामाकडं येऊ, कारण ते आपल्या कामाला लागून आहे. कर्जाचं काम.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, म्हणजे १८६१ ते १८६५, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांना सहज कर्ज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच नव्या मोजणीनं शेतसारा वाढला. सावकारानं हात आखडला आणि जुन्या कर्जाचा तगादा लावला. कर्ज कागदावर होतं आणि कागद शेतकऱ्याला वाचता येत नव्हता. सावकार कोर्टात जाई, शेतकऱ्याला समन्स कळे न कळे, कळलं तरी तो भीतीनं जात नसे, आणि निकाल एकतर्फी लागे. मग जप्ती.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. गावामागून गाव उठलं आणि सगळीकडं कागदांच्या होळ्या झाल्या. सरकारनं चौकशी नेमली. त्या चौकशीत दिसलं, की कर्जाचे बहुतेक दावे एकतर्फीच निकाली निघत होते. म्हणजे कोर्ट होतं, न्यायाधीश होता, कायदाही होता. फक्त ज्याची जमीन जाणार होती त्याचं तोंड कोर्टानं पाहिलेलं नव्हतं.

त्यातून १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं, की नुसता रोखा बघून निकाल देऊ नका. प्रतिवादीला समोर बोलवा आणि त्याला विचारा. मुळात किती रुपये घेतले, किती फेडले, व्याजाचं व्याज किती चढवलं, हा सगळा हिशेब पहिल्यापासून काढा. शेतकऱ्याला हप्ते बांधून द्या. कर्जापायी त्याला तुरुंगात घालू नका. नवा रोखा करायचा तर गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करा. छोट्या दाव्यांसाठी गावातच मुनसफ नेमायची आणि कोर्टाच्या आधी समेट घडवणारी माणसं ठेवायची सोयही त्यात होती.

या कायद्याची अंमलबजावणी तपासायचं काम पुढं रानड्यांकडं आलं आणि १८८० च्या दशकात त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. एका जागी बसून हे काम होण्यासारखं नव्हतं. तालुक्यामागून तालुका फिरायचा, तिथल्या कोर्टाचे निकाल काढून वाचायचे, चुकलेला निकाल दुरुस्त करायचा. रमाबाई दौऱ्यावर बरोबर असत. लग्नाच्या वेळी त्या अकरा वर्षांच्या होत्या. विधवांच्या पुनर्विवाहाची बाजू घेणाऱ्या रानड्यांनी, पहिली पत्नी वारल्यावर, एवढ्या लहान मुलीशी लग्न केलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली, आणि ती खोटी नव्हती. वडिलांच्या हट्टापुढं ते नमले. दुसऱ्याचा हिशेब चोख पाहणारा माणूस स्वतःच्या घरात कमी पडला, हेही सांगायला हवं. पण त्यांनी रमाबाईंना शिकवलं. त्याच रमाबाई पुढं पुण्याच्या सेवासदनाच्या आधार झाल्या आणि कित्येक बायकांना त्यांनी शिक्षणाच्या आणि कामाच्या वाटेवर आणलं.

या कायद्यानं सगळं भलं झालं असंही नाही. सावकारांनी नवी वाट काढली. गहाणखत केलं तर कोर्ट हिशेब काढतं, मग सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला लागले. तोंडी सांगायचं, 'पैसे फेडले की जमीन परत', आणि कागदावर जमीन विकलेली. मैत्रिणींनो, हे ऐकून तुमच्यापैकी कितीतरी जणींना आपल्या माहेरची किंवा सासरची एखादी गोष्ट आठवली असेल. आमच्या गटातल्या एका बाईनं मुलीच्या लग्नाच्या वेळी अशाच एका स्टँपवर न वाचता अंगठा दिला होता. आज २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि अशा व्यवहारात गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात अर्ज करता येतो. पण कागद वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, हे सगळ्यात आधी.

मग रानड्यांचा निवडणुकीशी काही संबंध आला का? १८८२ साली लॉर्ड रिपननं गावच्या आणि शहराच्या कारभारात लोकांनी निवडलेली माणसं असावीत असं धोरण ठरवलं. रानडे त्याच्या बाजूनं होते. रस्ते, पाणी, शाळा यांचा कारभार लोकांनी निवडलेल्यांकडं असावा, असं त्यांना वाटत होतं. तेव्हा मताचा हक्क मालमत्ता आणि कर भरणाऱ्या थोड्याच लोकांना होता. रानडे स्वतः १८८५ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले ते सरकारच्या नेमणुकीनं. १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १६ जानेवारी १९०१ ला वारले. एवढ्या लांबच्या कारकिर्दीत मतपेटीतून आलेलं असं त्यांच्याकडं काहीच नव्हतं. पण पन्नास माणसांच्या सह्यांवर उभ्या राहिलेल्या सभेत बसून लोकांचं ऐकायची सवय त्यांना होती. आणि खुर्चीवर बसल्यावर कागदाच्या मागचा हिशेब विचारायची सवय होती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्याकडचं. आपल्याकडं काय होतं? आपली देवणी तेव्हा निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यातल्या उदगीर तालुक्यात होती. इंग्रजांचा १८७९ चा कायदा इकडं लागू नव्हता. इथं मुनसफाचं कोर्ट होतं, मोठ्या जहागिरींत जहागीरदाराची स्वतःची कोर्टं होती, आणि कागद उर्दूत. घरात मराठी, बाजारात मराठी-कानडी, आणि जमीन जाणार की राहणार ते ठरायचं तिसऱ्याच भाषेत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग बिदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९८२ साली लातूर जिल्हा झाला आणि १९९९ साली देवणी तालुका.

आता मावशींच्या प्रश्नाचं खरं उत्तर ज्यात आहे ती गोष्ट. गावानं निवडलेले न्यायाधीश आपल्याकडं एकदा येऊन गेलेत!

१९५८ साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला. त्यात न्यायपंचायतीचं वेगळं प्रकरण होतं. काही गावांचा मिळून एक गट करायचा, प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपला एक माणूस निवडून द्यायचा, आणि त्या सगळ्यांनी मिळून छोटे दिवाणी दावे आणि किरकोळ फौजदारी गुन्हे ऐकायचे. दंड करता येई, तुरुंगात पाठवता येत नसे. वकिलाला तिथं उभं राहता येत नसे. लांबचा प्रवास नाही, मोठा खर्च नाही, आपलीच बोली. ऐकायला किती बरं वाटतं! मावशींना हवं होतं ते हेच.

पण १९७५ साली महाराष्ट्रानं कायदा बदलून न्यायपंचायती काढून टाकल्या. देशात इतर ठिकाणीही हा प्रयोग बहुतेक जागी थंडावला. त्याची कारणं शोधायला आपल्याला लांब जायला नको, आपण गावातच राहतो. पंच ज्यांच्या मतांवर आला त्यांच्यातलेच दोघं समोर उभे असतात. एक मोठ्या भावकीचा, दुसरी एकटी बाई. निकाल दिल्यावर पंचाला त्याच गल्लीत राहायचं असतं आणि पुढच्या वेळी त्याच भावकीकडं मतं मागायला जायचं असतं.

पुढच्या बैठकीत आम्ही मावशींना हेच विचारलं. "मावशी, तुमच्या घरात मतं किती?" त्या म्हणाल्या, "दोन. माझं अन् सुनेचं." "आणि बांधाच्या पलीकडच्यांची?" मावशींनी बोटं मोजायला सुरुवात केली, मोजता मोजता थांबल्या, आणि म्हणाल्या, "मग नगं माय तसला सायब."

आम्हाला जे सांगायचं होतं ते मावशींनीच सांगून टाकलं. न्यायाधीशाला वरच्यानं बदलीची भीती घालू नये आणि खालच्यानं मताची. रानड्यांच्या बदल्या सरकारच्या हातात होत्या. म्हणून आपल्या संविधानानं जिल्हा आणि तालुका कोर्टांवरचं नियंत्रण, म्हणजे तिथल्या न्यायाधीशांच्या बदल्या आणि बढत्या, हायकोर्टाकडं दिल्या. आमदार-मंत्र्यांकडं ठेवल्या नाहीत. मावशींच्या दोन मतांचं आणि पलीकडच्या पन्नास मतांचं वजन कोर्टात सारखंच असावं, यासाठी ही तजवीज आहे.

निवडणूक वाईट असं आम्ही म्हणत नाही. केरळच्या अ‍ॅना चांडी यांचं उदाहरण बघा. त्रावणकोर संस्थानात त्या वकील होत्या. १९३१ साली तिथल्या विधानसभेसाठी उभ्या राहिल्या, तर त्यांची घाणेरडी बदनामी झाली आणि त्या हरल्या. पुन्हा उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. सभागृहात बायकांच्या नोकरीच्या हक्कासाठी बोलल्या. १९३७ साली त्या मुनसफ झाल्या आणि १९५९ साली केरळ हायकोर्टात गेल्या, देशातल्या कुठल्याही हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. आपल्या मुंबई हायकोर्टात पहिली महिला न्यायाधीश यायला १९७८ साल उजाडलं, त्या सुजाता मनोहर. अ‍ॅना चांडींनी मत मागितलं ते कायदा करायच्या जागेसाठी. न्याय द्यायच्या खुर्चीवर त्या नेमणुकीनं बसल्या. दोन्ही कामं मोलाची, पण दोन्हींच्या वाटा वेगळ्या.

आता मावशींचा राग मात्र शिल्लकच राहतो, आणि तो रास्त आहे. मत नको, पण तारखांचं काय? जीपचं भाडं, बुडालेली मजुरी, न कळणारी भाषा यांचं काय? एकतर्फी निकालाचं दुखणं दीडशे वर्षांपूर्वीचं असलं, तरी बाई कोर्टात पोचलीच नाही तर आजही तेच होणार. म्हणून तीन गोष्टी आपण गटाच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवू.

एक. १९८७ च्या कायद्याप्रमाणं कुठल्याही बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती हे बघितलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्यायचा. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

दोन. लोकअदालतीत दोन्ही बाजू राजी असतील तर दावा एका दिवसात मिटतो, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण राजीखुशी म्हणजे दोघांचीही. गावातली तंटामुक्त समिती असो की लोकअदालत, 'आता मिटवून टाक' असा दबाव आला तर बाईनं नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर दावा बंद होत नाही, तो कोर्टात पुढं चालतो.

तीन. नोटीस किंवा समन्स आलं तर ते देवळीत ठेवून द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी गटात आणायचं, वाचून घ्यायचं आणि तारखेला एकटीनं जायचं नाही. २००८ चा ग्राम न्यायालयाचा कायदाही आहे. न्यायाधिकाऱ्यानं गावापर्यंत यावं, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या भागात ते कोर्ट मिळावं म्हणून ग्रामसभेत ठराव मांडता येतो. आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला तिथंच विचारता येतं, की कोर्टाला इमारत, कर्मचारी आणि पुरेसे न्यायाधीश देण्यासाठी तुम्ही काय करणार? न्यायाधीशाला मत देता येत नसलं, तरी या प्रश्नावर आपलं मत नक्की देता येतं.

मावशींची पुढची तारीख आली तेव्हा आमच्यातल्या दोघी बरोबर गेलो. आधी विधी सेवा समितीत अर्ज दिला. वकील मिळाल्या, एक तरुण मुलगी आहे. तिनं मावशींना बाकावर शेजारी बसवून सातबारा आणि मोजणीचा नकाशा समजावून सांगितला. दावा अजून संपलेला नाही, पुढची तारीख पडलीच. पण येताना मावशी जीपमध्ये म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत आज कळलं बगा, माझ्या कागदात काय लिव्हलंय ते."

पुढच्या वेळी तुम्हीही आपापल्या गटात विचारा, कोणाकोणाचा कागद न वाचता पडलाय.